न निघालेल्या धुराची हुंडी

सिमेंटच्या कारखान्याने वर्षभरात जो वायू हवेत सोडला नाही त्याचा दाखला त्याला मिळणार, तो दाखला त्याने बाजारात विकायचा, आणि ज्या दुसऱ्या कारखान्याला आपला वायू आवरता आला नाही त्याने तो विकत घ्यायचा. केंद्र सरकारने २८ जून २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या ‘कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम’चा सारा डोलारा एवढ्याशा कल्पनेवर उभा आहे. आपल्या व्यापाऱ्यांना हुंडी नवी नाही. एका गावच्या पेढीने लिहिलेल्या कागदावर दुसऱ्या गावची पेढी डोळे मिटून पैसे मोजून देत असे. पण त्या कागदामागे कुठेतरी कापसाच्या गाठी असत, गुळाच्या ढेपा असत. या नव्या हुंडीमागचा माल म्हणजे एक न घडलेली गोष्ट आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही, म्हणून एक प्रमाणपत्र. न घडलेल्या गोष्टीचे वजन कसे करायचे, कोणी करायचे आणि त्या वजनावर पैसे कोणी मोजायचे, हे तीन प्रश्न सुटले तर योजना चालेल. न सुटले तर आणखी एक सरकारी नोंदवही तयार होईल, इतकेच.

आधी योजनेची बांधणी पाहू. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला आणि कार्बनच्या व्यापाराला कायद्याचा आधार मिळाला. कारभार ऊर्जा दक्षता ब्युरोकडे, प्रमाणपत्रांची नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे, बाजारावर देखरेख केंद्रीय विद्युत नियामक आयोगाची. कोणत्या कारखान्याने किती कपात करायची याची उद्दिष्टे मात्र पर्यावरण मंत्रालय ठरवते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिली यादी पक्की झाली. अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद हे चार उद्योग व त्यांतले २८२ कारखाने. त्यांत सिमेंटचे १८६. आधारवर्ष २०२३-२४ आणि उद्दिष्टे २०२५-२६ व २०२६-२७ या दोन वर्षांसाठी. म्हणजे पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट अंतिम झाले तेव्हा ते वर्ष निम्मे सरले होते. मसुदा एप्रिलमध्येच हाती दिला होता, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. पण मसुद्यावर कोणी भट्टी बदलत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना, राजुरा या भागातून ज्यांनी प्रवास केला असेल त्यांना हा विषय डोळ्यांसमोर आणायला त्रास पडू नये. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, इकडे घुग्घुस. चुनखडीच्या पट्ट्यावर वसलेली ही सिमेंटची गावे. सिमेंटची एक अडचण अशी की नुसती वीज वाचवून किंवा कोळसा बदलून तिच्यातून सुटका होत नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. शंभर टन शुद्ध चुनखडीमागे चव्वेचाळीस टन. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, त्यात सूट-सवलत नाही. भट्टी साधारण साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवायला लागणारे इंधन ते वेगळेच. म्हणून कपातीचा खरा मार्ग एकच राहतो, भाजलेल्या चुनखडीचे म्हणजे क्लिंकरचे प्रमाण कमी करणे. औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळा, पोलादाच्या भट्टीची मळी मिसळा. आपल्या मानकांप्रमाणे पोझोलाना सिमेंटमध्ये राख ३५ टक्क्यांपर्यंत चालते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले. घर बांधणाऱ्या माणसाला आजही राखेचे सिमेंट म्हटले की दुय्यम माल वाटतो आणि गवंडी त्याला दुजोरा देतो, हा अडसर कोणत्या योजनेने दूर व्हायचा कोण जाणे.

समजा, एक कारखाना वर्षाला २० लाख टन सिमेंट करतो. त्याला उद्दिष्ट मिळाले की दर टन मालामागे ०.६०० टनापेक्षा जास्त वायू नको. त्याने ०.५९० वर आणले. दर टनामागे ०.०१०, म्हणजे वर्षाला २० हजार टनांची बचत, २० हजार प्रमाणपत्रे. शेजारच्याला ०.६१० च्या खाली उतरता आले नाही, तर त्याने तेवढी प्रमाणपत्रे बाजारातून आणायची. आकडे माझे, उदाहरणापुरते, रीत योजनेची. आता दुसरी पायरी पाहा. पुढच्या वर्षी पहिल्या कारखान्याने माल २५ लाख टन काढला, प्रमाण ०.५९० च राहिले, तर त्याला २५ हजार प्रमाणपत्रे मिळतील आणि त्याचा एकूण वायू ११ लाख ८० हजारांवरून पावणेपंधरा लाख टनांवर गेलेला असेल. उद्दिष्ट मालाच्या टनामागे आहे, आभाळाच्या हिशेबात नाही. रस्ते, घरे, धरणे बांधायची बाकी असलेल्या देशाने एकूण उत्पादनावर टोपी घालू नये हे मला पटते. २०७० पर्यंत निव्वळ शून्याला पोहोचू असे आपण २०२१ मध्ये ग्लासगोला सांगितले, त्यापूर्वी वाढ होणारच. फक्त जाहिरातीत ‘उत्सर्जन घटले’ असे छापून येईल तेव्हा टनामागे घटले की एकूण घटले, एवढे वाचकाने विचारावे.

आता पैशाकडे येऊ. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे कोणतीही योजना वाचताना नजर आधी ‘निधीचा स्रोत’ या ओळीवर जाते. इथे तिजोरीतून एक रुपया येत नाही. नालायक ठरलेल्याच्या खिशातून लायक ठरलेल्याच्या खिशात, असा प्रवास आहे. त्यामुळे उद्दिष्टे किती कडक हाच या योजनेचा निधी. उद्दिष्टे सैल ठेवली की सगळेच लायक ठरतात, विकणारे झुंडीने येतात आणि घेणारा कोणी नसतो.

ही भीती कल्पनेतली नाही. याच ब्युरोने २०१२ पासून ऊर्जाबचतीची योजना चालवली, ‘पॅट’ या नावाने ती उद्योगांत ओळखली जाते. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ कारखाने होते. बचत ठरल्यापेक्षा जास्त झाली, ८६ लाख टन खनिज तेलाइतकी. कौतुकाची गोष्ट. पण प्रमाणपत्रे निघाली ३८ लाखांच्या वर आणि ज्यांना घेणे भाग होते त्यांची गरज होती १४ लाखांच्या आसपास. फेरी संपली मार्च २०१५ मध्ये आणि खरेदी-विक्री सुरू झाली सप्टेंबर २०१७ मध्ये. सुमारे १३ लाख प्रमाणपत्रांचा व्यवहार झाला, उलाढाल शंभर कोटींच्या घरात. म्हणजे ज्याने २०१३ मध्ये कर्ज काढून नवे यंत्र बसवले त्याला चार वर्षांनी सरासरी सात-आठशे रुपयांचा एक कागद विकता आला, आणि तिघांपैकी दोघांचा कागद विकलाच गेला नाही. असा कागद दाखवून कोणी कर्ज मागायला आले तर शाखाधिकारी चहा पाजून परत पाठवील.

युरोपनेही हा धडा गिरवला. २००५ मध्ये त्यांचा बाजार सुरू झाला तेव्हा कारखान्यांना परवाने सढळ हाताने वाटले गेले. २००६ च्या वसंतात ते उघडकीला आले, भाव कोसळला आणि २००७ मध्ये जवळजवळ शून्यावर गेला. पुढे त्यांनी परवाने आखडते घेतले, लिलाव सुरू केले, जादा परवाने बाजूला काढून ठेवण्याची सोय केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाचा भाव शंभर युरोच्या वर गेला. मधे अठरा वर्षे गेली. बाजार आपोआप शहाणा होत नाही, कोणीतरी कटुपणा घेऊन परवाने आवळावे लागतात.

आणि क्योटो करारातून आलेली ‘क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम’? धुळे, सातारा, सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या त्या काळात त्यांतल्या कित्येकांच्या ताळेबंदात युरोपला विकायच्या कार्बन क्रेडिटचे उत्पन्न धरलेले असे. २००८ मध्ये भाव वीस युरोच्या वर होता, २०१२ सरताना एका युरोच्याही खाली आला. पाती फिरत राहिली, तो रकाना मात्र रिकामा झाला.

त्याच व्यवस्थेतली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. शीतकरणाचा एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू निघतो. क्योटोच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. तो जाळून टाकायला खर्च किरकोळ, आणि जाळल्याबद्दल मिळणारी क्रेडिट्स डोंगराएवढी. परिणाम असा झाला की काही ठिकाणी मूळ मालापेक्षा त्याचा कचरा किमती ठरला, आणि कचरा जास्त निघावा म्हणून माल काढला जातो आहे की काय अशी शंका उघडपणे घेतली गेली. भारतातल्या कारखान्यांनीही या क्रेडिटवर चांगली कमाई केली. मे २०१३ पासून युरोपने ही क्रेडिट्स घेणे बंद केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये किगालीच्या परिषदेत भारताने जाहीर केले की यापुढे हा वायू कारखान्यांनी स्वखर्चाने जाळायचा. ज्या कामासाठी जगाने पैशाच्या थैल्या मोकळ्या केल्या ते काम एका सरकारी आदेशाने झाले. व्यापार कुठे करावा आणि हुकूम कुठे द्यावा, याचा विवेक इथे दिसतो.

वजन कोणी करायचे, हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला. बँकेत मालतारणाचे कर्ज असते. माल गोदामात, किल्ली बँकेकडे. सांगलीकडच्या एका गोदामात हळदीची पोती होती. तपासणी अहवालात पोत्यांची संख्या दर तिमाहीला बरोबर येत असे, एकही कमी नाही. पुढे कर्ज थकले, थप्पी मोडली, तेव्हा दर्शनी दोन रांगांत हळद आणि मागच्या सगळ्या पोत्यांत भुसा निघाला. मोजणी चोख होती. पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना कोणी काढला नव्हता. तपासनीस कर्जदाराच्या जीपमधून येई आणि दुपारचे जेवण त्याच्याकडेच करी, हे शाखेतल्या शिपायालाही ठाऊक होते.

नव्या योजनेत कारखान्याचा हिशेब तपासायला मान्यताप्राप्त संस्था आहेत. त्यांची नेमणूक कारखान्याने करायची आणि फीही कारखान्यानेच द्यायची. जीप कोणाची, हा प्रश्न इथेही आहे. याचे उत्तर शोधायला परदेशी जायला नको, शेजारच्या गुजरातेत ते प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून दोन वर्षे तिथल्या प्रदूषण तपासनीसांवर प्रयोग केला. काही कारखान्यांना तपासनीस चिठ्ठी टाकून नेमून दिला, त्याची फी एका सामायिक निधीतून दिली आणि त्याच्या मोजणीची अधूनमधून फेरतपासणी केली. आधीच्या पद्धतीत बहुतेक अहवाल मर्यादेच्या जरा खालीच येऊन थांबत. नव्या पद्धतीत अहवाल खरे येऊ लागले, आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी अधिसूचना लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तो असायला हरकत नव्हती.

सुरतेतले दुसरे उदाहरणही सांगण्याजोगे आहे. तिथल्या कापड आणि रंगाई कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणाऱ्या धूलिकणांचा बाजार २०१९ मध्ये सुरू झाला, धूलिकणांच्या बाबतीत जगातला पहिला. तीनशेहून अधिक कारखाने निवडले, त्यातल्या साधारण निम्म्यांना बाजारात घातले, उरलेले जुन्या नियमांखाली ठेवले. धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र, एकूण उत्सर्जनावर टोपी, आधी भरलेली अनामत. बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले आणि जवळपास सगळ्यांनी नियम पाळला. अशा प्रयोगाचा विचार २०११ च्या सुमारास पहिल्यांदा झाला तेव्हा गुजरात आणि तामिळनाडूबरोबर महाराष्ट्राचेही नाव होते. बाजार उभा राहिला तो सुरतेत. असो.

पुन्हा चंद्रपूरला येऊ. सिमेंट यादीत आहे, आणि बल्लारपूरचा ज्यामुळे नावलौकिक झाला तो कागदाचा उद्योगही. नाही ते शहराला लागून असलेले २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र. चंद्रपूरचेच नव्हे, देशातले एकही औष्णिक केंद्र या सक्तीच्या यादीत नाही. कोळशावरची वीज हा देशातल्या कार्बन वायूचा सर्वांत मोठा स्रोत. तो बाहेर ठेवून बाजार भरवायचा म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल सोडून बाकी सगळी जनावरे सजवण्यासारखे झाले. चीनने २०२१ मध्ये आपला राष्ट्रीय बाजार सुरू केला तो वीजकेंद्रांपासूनच, सिमेंट, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम नंतर आले. आपल्याकडचे कारण उघड आहे. वीज महागली की गिरणीपासून पंपापर्यंत बोंब होते, आणि बहुतेक राज्यांच्या वितरण कंपन्या आधीच कर्जात. कारण समजण्यासारखे आहे, पण त्याने बाजार लहान राहतो आणि भाव दबतो. गंमत अशी की सिमेंटवाला क्लिंकर वाचवतो तो याच वीजकेंद्रांची राख मिसळून. राख पुरवणारा हिशेबाबाहेर, राख वापरणारा हिशेबात.

कोळशावर थेट कर लावून त्यातून निधी उभारावा हा दुसरा मार्ग आपण आजमावून पाहिलेला आहे, याचे आता कोणाला स्मरणही राहिलेले नाही. २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी भरायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात ८६ हजार ४०० कोटींच्या वर वसुली झाली. निधीत गेले त्यातले २९ हजार ६०० कोटींच्या आसपास, आणि ठरल्या कामावर खर्च झाले १६ हजार कोटींहूनही थोडे कमी. बाकीचा पैसा सरकारच्या मोठ्या हौदात मिसळला. वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्दच झाला. कोळशावरचा कर ५ चा १८ टक्के झाला. हा इतिहास पाहिला की बाजाराच्या मार्गातला एक गुण मान्य करावा लागतो. निदान त्यात पैसा मधल्या हौदात थांबत नाही.

घाई का आहे, तेही सांगितले पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून युरोप आपल्या सीमेवर पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीवर कार्बनचा भार आकारू लागला. मूळ देशात त्या मालाने कार्बनची किंमत मोजलेली असेल तर तेवढी वजावट मिळते. आपल्या निर्यातदारांचा पैसा ब्रुसेल्सला जाण्याऐवजी इथेच फिरावा, हा दिल्लीचा हेतू योग्यच आहे. पण वजावट मिळते ती प्रत्यक्ष मोजलेल्या पैशाची. आपल्या योजनेत पैसे मोजतो तो उद्दिष्ट चुकलेला. उद्दिष्ट गाठलेल्याने काहीच मोजलेले नसते, तेव्हा त्याने युरोपच्या नाक्यावर कोणती पावती दाखवायची? आणि प्रमाणपत्राचा भाव काही शे रुपयांत राहिला, तर चुकलेल्यालाही मिळणारी वजावट नाममात्रच.

ज्याने उद्दिष्टही गाठले नाही आणि प्रमाणपत्रेही घेतली नाहीत, त्याला दंड आहे. नाव ‘पर्यावरणीय भरपाई’. त्या फेरीतल्या सरासरी भावाच्या दुप्पट दराने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो वसूल करील. दंड भावाशी बांधलेला, म्हणजे भाव पडला की दंडही पडला. बाजार मरगळला तर चुकण्याची शिक्षाही मरगळते, ही गाठ उलटी बसली आहे. दंडाला रुपयांत एक किमान आकडा असायला हवा होता. नियामक आयोग भावालाच किमान पायरी घालू शकतो. ती किती उंच असेल त्यावर आता सारे आले.

आणि हा भरपाईचा पैसा वापरायचा कशासाठी? तर या बाजाराच्याच कामासाठी. भरपाई या शब्दाचा आपल्या भाषेत अर्थ, ज्याचे नुकसान झाले त्याला दिलेली रक्कम, असा आहे. कार्बन डायऑक्साइडचे नुकसान साऱ्या पृथ्वीचे, ते गडचांदूरचे एकट्याचे नाही, हे शास्त्र बरोबरच आहे. परंतु ज्या धुराड्यातून तो निघतो त्याच धुराड्यातून गावावर धूळ पडते, आणि २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातली गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रे जाहीर केली त्यांत चंद्रपूर होते. तिथल्या कारखान्याने आपल्या चुकीबद्दल ओडिशाच्या किंवा राजस्थानच्या कारखान्याकडून प्रमाणपत्रे घेतली की कायद्याच्या दृष्टीने तो सुटला. गावकऱ्याच्या हाती त्यातले काही पडत नाही, एवढेच काय, असा व्यवहार झाला हे त्याला कळतही नाही.

ते कळावे एवढी तरी तजवीज करता येईल. नोंदवही संगणकावर आहेच. कारखान्याचे नाव, त्याचे उद्दिष्ट, त्याने प्रत्यक्ष सोडलेला वायू, घेतलेली किंवा विकलेली प्रमाणपत्रे, आणि तपासनीस कोण, हे पाच रकाने दरवर्षी मराठीत लिहून कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. खर्च एका फलकाचा. लहानशा गावातल्या बँकेच्या शाखेलाही आपले व्याजदर दर्शनी भागात लावावे लागतात, आणि ते वाचणारे कोणी ना कोणी असतेच.